लेथची झीज

शनिवार, ९ मार्च

आज सकाळी दुम्यात शहरातून निघालो आणि दुपारच्या अजानेच्या आत इज्बत अल-बुर्गला खालाच्या दारात उतरलो. टेम्पोवाल्याने माझी हत्यारांची पेटी उचलताना विचारले, आत मेलेले माणूस आहे की काय. मी म्हणालो, अकरा वर्षांची नोकरी आहे. तो हसला, मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

ही वही नवी आहे. मुद्दाम चौकटीच्या कागदाची घेतली, कारण हिच्यात मापेही लिहायची आहेत. शाळा आठवीत सुटली, तरी लिहिण्यात चूक राहिलेली मला खपत नाही.

फौकिया खाला ही माझ्या आईची धाकटी बहीण. तिचा नवरा उस्ता शिनावी, उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर, हा गावातल्या मासेमारी बोटींचे शाफ्ट, पंखा फिरवणारे लोखंडी दांडे, बनवायचा. तो जाऊन सात वर्षे झाली. त्याचा लेथ, लोखंड फिरवून कातायचे यंत्र, घराच्या तळमजल्यावर, बोटीच्या ताडपत्रीखाली, तसाच उभा आहे. खालाला मूलबाळ नाही. तिने आईकडे निरोप धाडला होता की सब्रीला सांग, लेथ चालू केलास तर लेथ तुझा, कारखाना तुझा आणि वरची नदीकडची खोलीही तुझी.

ती खोली मला एकट्यासाठी नको आहे. रावयाच्या वडिलांच्या, हाज बद्रान यांच्या, या बंदरात तीन बोटी आहेत. चार वर्षांपूर्वी मी मागणी घातली तेव्हा ते म्हणाले होते, "ज्याच्याकडे स्वतःचं मशीन नाही त्याला मी माझ्या बोटीचा शाफ्ट देत नाही, मुलगी कशी देऊ?" आता त्यांनी शेवटची मुदत दिली आहे. मोठ्या ईदच्या आधीचा शुक्रवार, २६ एप्रिल. त्या दिवशी ते जाणकार माणूस घेऊन येतील. लेथ खरा उतरला तर तिथेच फातिहा वाचून लग्न ठरेल. नाही उतरला तर रावया पोर्ट सईदच्या आतेभावाकडे जाईल.

ताडपत्री काढली. गंज, मीठ, कबुतरांची घाण. पण मोठे हँडल धरून जोर लावला तर ते फिरले. मला रडू यायचेच बाकी राहिले होते. खालाला इतका आनंद झाला की तिने शेजारणीकडचा कोंबडा आणवून उंबऱ्यावरच कापून घेतला, माझा उजवा हात मनगट धरून रक्तात बुडवला आणि लेथच्या डोक्यावर, लोखंड पकडून फिरवणाऱ्या चकच्या बरोबर वरच्या झाकणावर, पंजा उमटवला. म्हणाली, "आता कुणाची बिशाद आहे नजर लावायची, राजा!" मशीन अजून पुसलेलेही नाही, असे माझ्या मनात आले. पण खालाला नको कोण म्हणणार.

कोंबड्याच्या रश्श्यात मुलूखियाची पालेभाजी शिजवली होती. पोटभर जेवलो. खिडकीतून नाईलच्या मुखातून समुद्राकडे जाणाऱ्या बोटी दिसतात. फार दमलो आहे, पण हे दमणे चांगल्यातले आहे.

मंगळवार, १२ मार्च

लेथ सुटा केला. प्रत्येक भाग घासलेटात धुऊन चादरीवर ओळीने मांडला आणि त्याला कागदाची चिठ्ठी बांधली.

गल्लीच्या टोकाला उस्ता वहबा राहतो. जुना टर्नर. हात थरथरू लागले म्हणून काम सोडले, जीभ मात्र सोडलेली नाही. तो सरळ पट्टी आणि डायल गेज घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "काय इंजिनिअरसाहेब, चहा कुठाय?" हाज बद्रान तपासणीला आणणार आहेत तो जाणकार हाच. त्याने हे स्वतःच सांगितले, आणि वर म्हणाला की साखर कमी पडली तर डायलचा काटा फार हलतो.

आम्ही दोघांनी मिळून मापे घेतली. बेड, म्हणजे ज्या बिडाच्या दोन मीटर लांब पट्ट्यांवर हत्याराची गाडी सरकते तो, चकसमोर खोलगट झाला आहे. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले एकतीस. दुसऱ्या टोकाचा आधार, टेलस्टॉक, रेषेपासून आठ शतांश बाजूला. हत्यार पुढे-मागे नेणाऱ्या आडव्या स्लाइडचे हँडल पाव फेरा नुसतेच फिरते, मग स्लाइड हलते. आटे पाडताना गाडी ओढणाऱ्या लांब स्क्रूचा तोच प्रकार, दीड फेरा वाया. स्पिंडल, ज्याच्यावर चक फिरतो तो मुख्य आस, पाच शतांश डगमगतो.

मग वहबाची नजर झाकणावरच्या पंजाकडे गेली. त्याने विचारले, कोणी सांगितलं तुला आत्ताच हात ठेवायला? आमच्याकडे पंजा ठेवतात तो मशीनने पहिला कट घेतल्यावर. बोट पाण्यात उतरल्यावर तिला हात लावतात, नुसत्या फासळ्या उभ्या असताना नाही. झिजलेल्या मशीनवर हात ठेवणं म्हणजे तुझ्यात जे काय झिजलंय ते माझं, असं कबूल करणं. शिनावीचा बाप हे सांगून सांगून मेला. खाला वरून ओरडली की म्हाताऱ्या, पोराला घाबरवू नकोस, तुला चहा मिळायचा नाही. वहबा म्हणाला, "मी कुठे घाबरवतोय? मी तर त्याला आता लेथचा नातेवाईक म्हणतोय." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

रंगकाम करताना तो पंजा पुसावा की ठेवावा, हे अजून ठरलेले नाही.

मंगळवार, १९ मार्च

बेड खरवडायला घेतला. सरळ पट्टीला निळा रंग अगदी पातळ लावायचा, पट्टी बेडवर फिरवायची. जिथे निळे उमटेल ती जागा उंच. तेवढीच खरवडायची. पुन्हा निळे, पुन्हा खरवडणे. एका दिवसात शंभर वेळा. स्क्रेपरची मूठ मांडीला टेकवून ढकलायची असते, म्हणून मांडीवर काळा डाग पडला आहे. घामाचा थेंब बेडवर पडला तर उद्या तिथे गंज दिसतो. म्हणून कपाळाला फडके बांधतो.

माझी एवढीच लायकी आहे: मला कंटाळा येत नाही. कारखान्यात मला "मुंगी" म्हणायचे.

गुरुवार, २८ मार्च

बेड झाला. चकसमोर आता दोन शतांशसुद्धा खोल नाही. पट्टी फिरवली की निळे ठिपके पीठ चाळल्यासारखे सगळीकडे सारखे उमटतात. वहबाने चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि पहिल्यांदाच काही वाकडे बोलला नाही.

पाठ धरली आहे. ती धरणारच. दुपारी रावया आली, धाकट्या बहिणीला सोबत घेऊन, भाजलेला बोरी मासा घेऊन. मला पाहून दारातच थबकली. म्हणाली, "सब्री, तू पोतं उचललंयस का? खाली ठेव की." मी सरळच उभा होतो. ती म्हणाली, नाही. तिने माझ्या पायघोळ गलाबियाकडे बोट केले. तिची खालची कड जमिनीला घासून मळली होती. गेल्या ईदला जमिनीपासून दोन बोटे वर होती.

त्या गेल्यावर मी दाराच्या चौकटीला पाठ लावून खडूने खूण केली आणि टेपने मोजले. माझी उंची मला माहीत आहे, सैन्याच्या कागदावर लिहिलेली आहे. तीन सेंटिमीटर एक मिलिमीटर कमी भरली.

एकतीस मिलिमीटर. तीनदा मोजले.

वाकून काम केल्याने पाठीचे मणके दबतात, असे ऐकले आहे. तसेच असेल.

मंगळवार, २ एप्रिल

टेलस्टॉकच्या खाली पातळ पत्रा घातला, बूड खरवडले, आता ते रेषेत आहे. चकमधली सुई आणि टेलस्टॉकची सुई टोकाला टोक भिडली. त्यांच्यामध्ये दाढीचे पाते धरले तर पाते सरळ उभे राहिले. हे पाहायला कुणीतरी असायला हवे होते.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळपासून एकाच्या दोन वस्तू दिसतात. खालाने शिजवलेल्या पावट्यांची वाटी पुढे ठेवली आणि मी वाटीच्या शेजारी चमचा घातला. ती म्हणाली, "लग्नाचा विचार करत जेवू नये, टेबल खराब होतं."

एक डोळा झाकला की ठीक दिसते. भिंतीवर एक रेघ मारून समोर बसलो. दुसरी, खोटी, रेघ जिथे दिसते तिथे खडू टेकवला. दोन्हींमधले अंतर मोजले. आठ मिलिमीटर.

बेड एकतीस शतांश, मी एकतीस मिलिमीटर. टेलस्टॉक आठ शतांश, डोळे आठ मिलिमीटर. वहबाने जे सांगितले ते तो हसत हसत म्हणाला होता.

वहबाकडे गेलो. विचारले, ते पंजाचे खरे का? त्याने मला खुर्ची दिली, कांद्याची पात आणि चीज पुढे ठेवले आणि म्हणाला की पोरा, चार वर्षं वाट पाहिलेला नवरदेव असाच होतो, भिंती मोजायला लागतो. काम कर. कामाने सगळं सरळ होतं.

झाकणावरचा पंजा घासून काढायचा प्रयत्न केला. रंग निघाला, त्याखालचा रंगही निघाला, पंजा बिडातच आहे.

शनिवार, ६ एप्रिल

आडव्या स्लाइडला नवा पितळी नट बनवून बसवला, कारण तो न बसवून चालणार नव्हते. हँडल आता हात लावताच हलते. पाव फेरा वाया जायचा तो गेला.

कुठे गेला ते संध्याकाळच्या चहाला कळले. ग्लास उचलायचे ठरवले. हात मांडीवरच होता. मी हाताकडे पाहत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा तीनवरून सहावर गेला आणि हात उठला.

जिभेचेही तसेच, पायांचेही. ऐकू मात्र वेळेवर येते.

पाव फेरा.

सोमवार, ८ एप्रिल

एक प्रयोग केला. मापे घेऊन केला. स्लाइडचा नट पूर्वीइतका सैल केला. तेवढ्या वेळात माझा हात माझा झाला. मी टाळी वाजवली, पुन्हा वाजवली, वेडेपणाच म्हणायचा. मग नट पुन्हा आवळला. सेकंदकाट्याचा पाव फेरा परत.

म्हणजे जे स्क्रूने आवळले ते सैल करता येते. जे खरवडले ते गेले. पाठ गेली. डोळ्यांसाठी पत्रा काढता येईल.

हिशेब सोपा आहे. शुक्रवार, २६ पर्यंत सगळे आवळलेले ठेवायचे. फातिहा वाचून झाली की स्लाइड सैल करायची आणि थोड्या डगमगत्या मशीनवर आयुष्य काढायचे, जसे उस्ता शिनावीने काढले. अठरा दिवस. माझे मी सोसेन.

यात दमवणारे एकच आहे: प्रत्येक गोष्ट आधी ठरवावी लागते. जिना उतरायचा असेल तर पाव मिनिट आधी. रस्ता ओलांडायचा विचारच सोडून दिला आहे. काल एका रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.

सोमवार, १५ एप्रिल

आज शम अल-नसीम, वसंताचा सण. सगळे गाव किनाऱ्यावर. खारवलेला फसीख मासा, रंगवलेली अंडी, वाऱ्यात उडणारे पेपर. हाज बद्रान यांनी आम्हालाही बोलावले होते. खाला मला दंडाला धरून घेऊन गेली. म्हणाली, काल आलेल्या सुनेसारखा चालतोस.

हाज बद्रान यांनी खलाशाची गोष्ट सांगितली, जो स्वतःच्याच जाळ्यात सापडून घरी पोचला आणि बायकोने त्याला सोलायला घेतले. सगळे हसले. हसून झाले. अंडी पुन्हा सोलायला लागले. मग मी हसलो, एकटाच, मोठ्याने. हाज बद्रान माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माशाल्ला, जावयाचं हसू दुम्यातला जाऊन आलं."

रावया हसली नाही. निघताना ती माझ्याजवळून चालली आणि हळूच म्हणाली, काय झालंय ते सांग. मी पाव मिनिट गप्प, तिला वाटले सांगणार नाही. मग मी सांगितले. सगळे नाही. पंजाचे सांगितले, मशीनची झीज माझ्यात येते असे वाटते एवढे सांगितले.

ती रडेल किंवा मला वेड्यात काढेल असे वाटले होते. तिने विचारले, "एकट्याचाच हात आहे ना त्याच्यावर? म्हणूनच. घर दोघांचं, तर हातही दोघांचे हवेत. अर्धं मला दे."

मी नको म्हणालो. तोवर ती बहिणीचा हात धरून पुढे निघून गेली होती.

शनिवार, २० एप्रिल

आता फक्त लांब स्क्रू आणि स्पिंडल राहिले.

स्पिंडलच्या पितळी बेअरिंगला मागून एक मोठा नट आहे. त्याला आकडीचा खास पाना लागतो, तो माझ्याकडे नाही, वहबाकडे आहे. मी मागितलेला नाही. मागणार नाही. कमरेचे घ्यावे, डोळ्यांचे घ्यावे, हातापायांचे घ्यावे. पण मशीनच्या मधोमध जे फिरते त्याची झीज कुठे जाऊन बसेल ते मला कुणी सांगायला नको.

पाच शतांश डगमग राहील. सावकाश कट घेतला तर डोळ्याला दिसत नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

लांब स्क्रूचा नट बदलला. शाफ्टच्या टोकाला आटे पाडून दाखवायचे आहेत, त्याशिवाय हाज मानणार नाहीत. दीड फेरा गेला. जुना पाव मिळवून पावणेदोन.

पावणेदोन मिनिटे. हे वाक्य लिहायचे ठरवले तेव्हा खमसीनचा वारा खिडकीवर वाळू मारत होता. आता लिहिले जाते आहे तेव्हा तो थांबला आहे.

पण लेथ चालला. पट्टा चढवला, बटण दाबायचे आधी ठरवून ठेवले, आणि तो गुणगुणत फिरू लागला. पहिला कीस निघाला, लांब, न तुटणारा, निळसर. खाला जिन्यावर बसून ओढणीने डोळे पुसत होती. म्हणाली, शिनावी ऐकतोय.

मला काहीच वाटत नाही. फक्त आडवे व्हायचे आहे. उद्या झाले की—

शुक्रवार, २६ एप्रिल. जुम्याच्या नमाजानंतर

आले होते. गेले. जसे झाले तसे लिहितो.

हाज बद्रान, उस्ता वहबा, रावया, तिची बहीण. रावयाने टोपलीत कोंबडा आणला होता. मला वाटले, जेवणासाठी.

मी शाफ्ट बसवला, कट घेतला, आटे पाडले. सगळे आधी ठरवून, पायरीपायरीने. हाज यांनी आट्यांवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. वहबाने डायल लावला. बेड खरा. टेलस्टॉक खरा.

मी लेथच्या या बाजूला. रावया त्या बाजूला. तिची बाही कोपरापर्यंत वर. हात कोंबड्याच्या रक्ताने लाल. तिने झाकणावर उमटलेल्या माझ्या पंजावर आपला पंजा ठेवला, बोटांवर बोटे, आणि माझ्याकडे पाहून हसली.

मी ओरडलो. आवाज आला नाही.

तेवढ्यात वहबाने डायल स्पिंडलला लावला. काटा पाच शतांश हलला. हाज यांच्या कपाळाला आठी. वहबा मला डोळा मारून म्हणाला, "एवढ्यासाठी पोरीला पोर्ट सईदला धाडणार का, हाज? थांबा की." खिशातून आकडीचा पाना काढला. पाव फेरा. काटा मेल्यासारखा स्थिर.

म्हाताऱ्याने माझ्यासाठी केले. माझ्या भल्यासाठी.

फातिहा सुरू झाली. सगळ्यांचे हात वर. फातिहाच्या मध्यावर माझी ती किंकाळी निघाली, "हात नको, रावया." सगळे चमकले, मग हसले. हाज म्हणाले, "अरे आता तुझीच आहे, आता हात नको म्हणतोस?" मी मशीनकडे धावलो, तेही उशिरा, त्यांनी मला मिठीत धरले. आता मशीन पुरे, म्हणाले. आता जेवण.

तीच तारीख. दुपार

रावयाला थकवा वाटला. हाज धाकटीला घेऊन बोटीवर गेले, रावयाला खाला नंतर पोचवेल असे ठरले. ती आत खालाच्या पलंगावर आहे, दार सताड उघडे. छातीत कुणीतरी ठोकते आहे म्हणाली. मी नाडी धरली. पाच ठोके, मग रिकामे. पाच ठोके, मग रिकामे.

पाच. स्पिंडलचे पाच. वरचा पंजा तिचा.

अब्बांना सांगू नकोस, म्हणाली. फातिहा परत घेतील.

छिन्नीने नट फिरवून पाहिला. हात उशिरा. घाव भलतीकडे. नटाची खाच फुटली. पाना वहबा घेऊन गेला.

स्लाइड सैल केली तरी पाव मिनिटच सुटेल, लांब स्क्रूचा नट उतरवायला अर्धा दिवस. मी जाऊ शकत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत मला अर्धा तास. खालाला धाडले. शरबत नंतर वाटू, आधी पाना आण, सांगितले. ती धावली. पण बातमी तिच्या आधी पोचली आहे. दारोदारी बायका तिला अडवतात. त्यांच्या आनंदाच्या किलकाऱ्या ऐकू येतात. पहिले घर. दुसरे.

मी दाराशी वही घेऊन बसलो. इथून ती दिसते, खिडकीतून गल्ली दिसते. तिच्या गळ्याशी उडणारी नाडी मोजतो, लिहितो, म्हणजे डोके ठिकाणावर राहील.

जो कुणी वाचेल त्याने ध्यानात ठेवावे. इथे जे लिहिलेले दिसते ते पावणेदोन मिनिटांपूर्वीचे आहे. कान आताचे. हात मागचा.

तीच तारीख

चार ठोके. रिकामे.

खालाचा आवाज परत येतो आहे. म्हणजे वहबाकडे पोचली होती. मिळाला असेल.

रावया म्हणते, खोलीच्या भिंती हलक्या पिवळ्या रंगवू. मी हो म्हणतो. हो अजून निघालेला नाही.

तीन. रिकामे. बराच वेळ रिकामे—

दोन

खाला गल्लीच्या तोंडाशी. हातात पाना. पळते आहे. चप्पल निघाली तिची. नट कुठल्या बाजूला सैल होतो ते तिला ओरडून सांगायचे, डावीकडे, डावी—

रावयाने हाक मारली. माझे नाव. बारीक आवाजात, झोपेतल्यासारखी. ऊठ. ऊठ सब्री. आधी ओ दे तिला. ओ दे, मग